लाईट आली

शेजाऱ्याशी माझा अबोला होता, आणि तो दोघांनीही नेटाने पाळलेला अबोला होता. पारनेर तालुक्यातल्या आमच्या पठारावर त्याची वस्ती आणि माझी वस्ती यांच्यात एक बांध. एका वर्षी त्याने नांगराचं एक तास माझ्या बाजूला जास्त ओढलं, असं माझं म्हणणं. बांध आधी मीच कोरला, असं त्याचं. मी शाळामास्तर, निवृत्तीनंतर शेतीकडे वळलेला. त्यामुळे तो गावभर सांगत फिरला की गुरुजींना बांध आणि फळ्यावरची रेघ यांतला फरक कळत नाही. हे कानावर आलं त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं. त्यानेही टाकलं.

या अबोल्यातून फक्त एक वाक्य सुटलं होतं. शेतीची लाईट पाळीने यायची, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि नेमकी कधी येईल याचा भरवसा नाही. मोटर आपोआप चालू करणारा स्विच बाजारात मिळायचा, पण आमच्याकडे विजेचा दाब इतका कमी की मोटर जळायची, म्हणून तो कोणी लावत नसे. त्यामुळे विहिरीजवळच्या पेटीवरचा दिवा ज्याला आधी दिसेल त्याने शेजारच्या वस्तीला हाक द्यायची, ही पठारावरची रीत. बोलचाल बंद असली तरी द्यायची. भांडण आमचं होतं, शेतातल्या वाटाण्याचं नव्हतं.

तो ओट्यावरून ओरडायचा, "लाईट आली." पूर्वी आधी "ओ गुरुजी" असायचं, तेवढं त्याने गाळलं. मीही तसंच, कोरडं ओरडायचो. बायको हसायची. एवढ्या जोरात तुम्ही मला कधी हाक मारली नाही, म्हणायची. ती गेली आणि घरात बोलायला कोणी उरलं नाही. मुलगी नाशिकला, तिचा फोन रविवारी. एरवी माणसाचा आवाज म्हणजे तेवढी एक हाक. दिवसपाळी असली की मी सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसायचो, आणि दिवा मला आधी दिसला तरी कधीकधी गप्प राहायचो, त्याने ओरडावं म्हणून.

मग सोलर आलं. डोंगराच्या कडेला पवनचक्क्या मी नोकरीत असल्यापासून फिरतायत, गावात त्यांना पंखेच म्हणतात. पण पंख्यांची वीज कुठे जाते ते आम्हाला कधी कळलं नाही. सोलर मात्र थेट शेतात येऊन उभं राहिलं. ग्रामसभेत एका साहेबाने पडद्यावर चित्रं दाखवली. देश या बाबतीत झपाट्याने पुढे चाललाय, म्हणाला, उद्या माळरानांवर, कालव्यांवर, घरांच्या छपरांवर सगळीकडे पॅनेल दिसतील, आणि ऊन-वारा मिळून कोळशाचा भार हलका करतील. मला ते पटलं, आजही पटतं. काळोखात चिखल तुडवत पिकाला पाणी द्यायला जाणं, पायाखाली काही वळवळलं की जागीच गोठणं, हे ज्याने केलेलं नाही त्याने जुन्या दिवसांचं कौतुक माझ्यापुढे करू नये. आम्ही दोघांनीही अर्ज केले आणि एकाच हंगामात दोन्ही शेतांत पॅनेल लागली. दिवसा पाणी, रात्री झोप.

आणि हाक बंद. ऊन पडलं हे कोणी कोणाला कशाला सांगेल? मी सवयीने ओट्यावर बसायचो, चहा संपायचा, आणि मला फार एकटं वाटायचं.

त्याच सुमारास दूध गोळा करणाऱ्याकडून कळलं की शेजाऱ्याच्या मुलाने जमीन सोलर प्रकल्पाला भाडेपट्ट्याने दिली आहे आणि पीक निघालं की तो वडिलांना चिंचवडला नेणार आहे. तो एकदा गेला की हा अबोला कायमचा राहणार होता. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि काय बोलावं ते सुचत नव्हतं.

त्या आषाढात आभाळ बरेच दिवस गच्च राहिलं. पाऊस नाही, नुसता वारा. डोंगरावरचे पंखे गरगर फिरत होते आणि आमचे पंप मुकाट होते. वाटाणा माना टाकायला लागला. एका सकाळी ढग फाटले, पॅनेल लखलखली. मी हातातला चहा सोडून उठलो, बांधापर्यंत गेलो आणि ओरडलो, "ऊन पडलं."

तो पंपाच्या पेटीशी पाठमोरा उभा होता. वळला. माझ्याकडे पाहिलं, वर पाहिलं.

"दिसतंय की," म्हणाला आणि बटण दाबलं.

मला असा राग आला की विचारू नका. त्याच्यावर थोडा, स्वतःवर जास्त. साठी उलटलेला मास्तर लोकांना सूर्य उगवल्याची बातमी देत हिंडतोय. त्यानंतर मी बांधाकडे फिरकलो नाही. त्याचं सामान भरून टेम्पो निघाला तेव्हा मी गोठ्यात गाय धूत होतो. सकाळी एकदा धुतलेलीच होती.

आता बांधापलीकडे तारेचं कुंपण आहे आणि आत पॅनेलच्या रांगा, साहेब म्हणाला होता तशाच. सकाळी त्या पूर्वेकडे तोंड करतात आणि उन्हाबरोबर हळूहळू वळत जातात. बघायला छान वाटतं. त्याचं घर एका कोपऱ्यात तसंच ठेवलंय, ओट्यावर गवत आलंय.

यंदा आषाढात पुन्हा आभाळ भरलं. मी सकाळचा ओट्यावर होतो, तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी. पलीकडे कुकरची शिट्टी, टीव्हीचा आवाज, मग एक खोकला. खोकला मी लगेच ओळखला.

"गुरुजी," तो म्हणाला, "ऊन पडलं का तिकडं?"

एक चांगलं खोचक उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं, वर्षभर घासून ठेवलेलं. ते मी गिळलं.

"न्हाई अजून," मी म्हणालो. "आभाळ हाय."

त्याला आता शेत नव्हतं, पंप नव्हता. ऊन पडलं काय आणि न पडलं काय, चिंचवडच्या त्या खोलीत काही अडणार नव्हतं.

"बरं," तो म्हणाला. "पडलं की सांगा."

चहा तसाच राहिला. मी फोन हातात धरून आभाळाकडे बघत बसलो.