मुरूडच्या ओट्यावर मिळालेलं कर्लिंगचं नाणं

नाणेसंग्राहकांच्या ग्रुपवर मुरूडच्या इक्बालभाईंनी कॅनडाच्या पंचवीस सेंटच्या नाण्याचा फोटो टाकला आणि मी जायचं ठरवलं. हिवाळी खेळांची स्मारक नाणी मी जमवते. या नाण्यावर व्हीलचेअरवरचा खेळाडू काठीने बर्फावरून दगड सरकवतोय. खेळ कर्लिंगचा. अपघातानंतर मीही व्हीलचेअरवरच असते, आणि नेमकं हेच माझ्याकडे नव्हतं.

"कुरियरने मागव की," आई म्हणाली. "तिथे कोण ढकलणार तुला?"

शनिवारी मैत्रीण वैशालीला घेऊन पनवेलहून निघाले. ब्रेक, ॲक्सिलरेटर हाताने चालणारी माझी गाडी; चालवत मीच होते. वडखळपर्यंत खड्डे, अलिबागनंतर रस्ता अरुंद पण सावलीचा. काशीदला खुर्चीची चाकं वाळूत रुतली, म्हणून रस्त्याकडेलाच साठ रुपयांचं शहाळं प्यायलो. माझ्यासारख्यांनी खोली ठरवताना नुसतं 'रॅम्प आहे का' विचारू नये. बाथरूमच्या दाराचा फोटो मागवावा; खुर्ची तिथेच अडते.

मुरूडला सुरमईची थाळी खाऊन इक्बालभाईंकडे पोचलो. ते जहाजावर खानसामा होते, आता निवृत्त. घर टेकाडावर, वर जायला जांभ्या दगडाच्या उंच पायऱ्या. ते लगबगीने खाली आले.

"गाडीतच बसा, ताई. नाणं मी घेऊन येतो. तकलीफ कशाला?"

"नको. मी वर येते."

लोक मला सगळं हातात आणून देतात. त्या दिवशी ते नको होतं. खालच्या पायरीवर बसले, हातांवर भार दिला आणि अंग वरच्या पायरीवर ओढलं. मग पुढची. जांभा तळव्यांना सोलत होता. दम लागला तेव्हा वैशालीने हात पुढे केला. मी मान हलवली. इक्बालभाई माझ्या शेजारी पायरीवर टेकले आणि मी निघाले तेव्हाच तेही निघाले.

ओट्यावर भाभींनी सरबत दिलं. इक्बालभाईंनी नाणं माझ्या तळहातावर ठेवलं.

"व्हँकुव्हरला सुट्ट्या पैशांत आलं. मला वाटायचं, हा माणूस लादी पुसतोय."

आम्ही सगळे हसलो. ते पैसे घेईनात. माझ्याकडे आइस हॉकीचं जास्तीचं नाणं होतं, ते पुढे केलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"तिकडे कॅनडात बंदराजवळ पोरं हे खेळायची. मी कुडकुडत बघायचो. हे चालेल."

घरी आईने नाणं खिडकीशी नेऊन न्याहाळलं.

"याच्यामागे कुणी नाही?"

"असतो. खुर्ची घसरू नये म्हणून जोडीदार मागून धरतो. ढकलत नाही."

आईने नाणं परत दिलं. "पुढच्या वेळी मी येते," ती म्हणाली. "नुसती धरेन."