गाडीपाशी बसलेला माणूस

गल्लीत त्यांना सगळे ड्रायव्हरकाका म्हणत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, हातातलं स्टिअरिंग सुटलं, पण नाव काही सुटलं नाही. सहलीच्या बसवर उभी हयात गेली त्यांची. कुणी एखाद्या देखण्या जागेचा विषय काढला की काका मान हलवून म्हणत, "गेलोय की. कितीदा तरी गेलोय." ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत लगेच कौतुक दिसायचं. काय नशीबवान माणूस, पगार घेऊन जग पाहिलं!

आता यात काका खोटं बोलत होते का? मुळीच नाही. ते गेलेच होते. 'गेलोय' आणि 'पाहिलंय' यांच्यातलं अंतर मात्र एका ड्रायव्हरलाच ठाऊक असतं. बसमालकाचा दंडक होता, गाडी सोडायची नाही. आत प्रवाशांच्या पिशव्या, स्वेटर, कुणाच्या औषधांचे डबे. एक वस्तू इकडची तिकडे झाली तरी पहिलं बोट ड्रायव्हरकडे. त्यामुळे मंडळी उतरून राजवाड्यात शिरली की काका मागे राहत. टायर ठोकून हवेचा अंदाज घ्यायचा, सीटांखालची टरफलं झाडायची, समोरची काच ओल्या फडक्यानं पुसायची आणि मग मागच्या लांब सीटवर टोपी तोंडावर घेऊन आडवं व्हायचं. जाग यायची ती परतलेल्या प्रवाशांच्या आवाजानं. राजवाडा पाहून आलेले लोक भरभरून बोलत. टेकडीवरचं जुनं गाव पाहून उतरणारे मात्र तोंडात गुळणी धरल्यासारखे गप्प असत. काकांना याचंच नवल वाटे. जाताना एवढा गलका करणारी माणसं, वर असं काय बघून येतात? वाहनतळावरून फक्त एक दगडी वेस दिसायची आणि तिच्यामागे वळलेली वाट. त्या वळणापलीकडे एकदा जायचं, एवढी एक इच्छा काकांनी मनात जपली होती. बोलून कुणापाशी दाखवली नव्हती. आजवर जग पाहिलेला माणूस असं कुठल्या तोंडानं बोलणार?

यंदा मुलानं सहल काढली. काकूंचं हृदय थकलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, फिरवा, मोकळी हवा खाऊ द्या, पण पायऱ्या चढवू नका. पुढचं ते बोलले नाहीत, तरी घरात सगळ्यांना ते ऐकू आलं होतं. म्हणून मुलानं रजा टाकली, सुनेनं बॅगा भरल्या, नातीनं खिडकीची जागा आधीच सांगून ठेवली. आधी शहर, मग टेकडीवरचं जुनं गाव. टेकडीचा विषय निघाला आणि काकांच्या छातीत धडधडलं. या वयात कसली धडधड, पण झाली खरी. आता नाही तर कधीच नाही, हे त्यांनाही कळत होतं. गुडघा रोज तेच सांगत होता.

शहरात राजवाड्याच्या दारात मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही तर इथं कितीदा येऊन गेलायत. आईजवळ बसाल ना? आम्ही पटकन बघून येतो."

"बसतो की," काका म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मुलाच्या बोलण्यात वावगं काहीच नव्हतं. जन्मभर मिरवलेलं 'गेलोय' आज असं अंगाशी आलं होतं. मग दिवसभर तेच. संग्रहालय झालं, मनोरा झाला. मंडळी आत आणि काका काकूंशेजारी बाकावर. नात धावत बाहेर आली नि म्हणाली, "आजोबा, आरशांचं छत तुम्हाला पण आवडलं होतं ना?" काका "छान आहे, छान आहे" म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी शहर मागे पडलं. शेतं लागली, मग माळ लागला आणि टेकडी दिसली. वाहनतळावर आता फरशी आली होती. मुलानं गाडी कशीतरी आत घातली तेव्हा काकांना राहवलं नाही. "तोंड बाहेर करून लाव रे. निघताना नाकी नऊ येतील." मुलगा हसला, गाडी वळवून लावली आणि कालचंच पुन्हा म्हणाला. "तुमचं तर सगळं पाहिलेलंच आहे, बाबा."

काकांनी तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण सून पाण्याची बाटली घेत होती, नात पुढे पळाली होती, आणि काकूंना एकटं सोडणार कोण? काका मूग गिळून बसले. तिघंही वेशीतून गेली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

काकूंना झाडाखालच्या बाकावर बसवून काकांनी डिकीतलं फडकं काढलं आणि समोरची काच पुसायला घेतली. काच स्वच्छच होती. काकू बघत राहिल्या.

"अहो, वर गेल्यावर काय वाटतं हो माणसाला?"

"मला काय ठाऊक?" काका पुसता पुसता बोलून गेले आणि त्यांचा हात जागीच थांबला.

"म्हणजे?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "म्हणजे मी वर गेलोच नाही कधी. इथंच काय, कुठंच आत गेलो नाही. गाडी कोण सांभाळणार?"

काकूंचा चेहरा पार बदलला. गोळी काढायला काका पिशवीकडे धावले.

"गोळी नको मला," काकू म्हणाल्या. "अहो, इतकी वर्षं मला वाटायचं, हा माणूस मजेत जग बघत हिंडतोय आणि मी एकटी पोराची आजारपणं काढतेय. नुसता जळफळाट व्हायचा माझा. तुम्ही दमून यायचात, मी मुकाट्यानं ताट वाढायचे. पण काय पाहिलंत म्हणून एका शब्दानं विचारलं का कधी?"

"नाही विचारलंस. मला वाटलं, तुला आवड नाही."

"आवड नाही म्हणे! ऐकवलं नसतं मला. राग धरून बसले होते मी." त्यांचे डोळे भरून आले. "आणि तुम्ही इथं काचा पुसत बसला होतात. सगळा राग फुकट गेला की हो माझा."

काका बाकावर काकूंशेजारी बसले. दोघांचा संसार सुखाचा झाला असं लोक म्हणत, तेही म्हणत. त्या संसारात ही एवढी मोठी गोष्ट पडून राहिली होती आणि एकानंही तिला हात लावला नव्हता. काकूंनी एकदा विचारायचं होतं, नाहीतर काकांनी न विचारता सांगायचं होतं. काकांना फार वाईट वाटलं. आता वेळ थोडा उरला होता, म्हणून जास्तच वाटलं.

"उठा आता," काकू रुमालानं नाक पुसत म्हणाल्या. "जा वर."

"तुला एकटीला टाकून?"

"मी काही पळून जात नाही, आणि गाडीही नाही. आज मी बसते गाडीपाशी. जा म्हणते ना!"

काका गेले. वेशीखाली थांबून त्यांनी मागे पाहिलं, तर काकूंनी हातानंच 'पुढे व्हा' म्हणून दटावलं. वळण आलं. त्यापलीकडे पायऱ्याच पायऱ्या. गुडघ्यानं कुरकुर केली, काकांनी लक्ष दिलं नाही. वर पोचले तेव्हा मुलानं त्यांना पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"बाबा! आई?"

"बरी आहे. तिनंच पाठवलं. मी पहिल्यांदाच आलोय रे इथं."

"पहिल्यांदा? पण तुम्ही तर..." मुलगा बोलता बोलता थांबला. कालचा बाक, कालचा राजवाडा, सगळं त्याला एकदम आठवलं असावं. "बोलायचं तरी, बाबा," एवढंच म्हणाला. मग "मी बसतो आईजवळ. तुम्ही सावकाश बघा," म्हणत भराभरा पायऱ्या उतरून गेला.

काकांनी सावकाश पाहिलं. पाणी आटलं म्हणून अख्खं गाव उठून गेलं होतं, शेकडो वर्षांपूर्वी. छपरं नव्हती, दारं नव्हती. भिंती कमरेएवढ्या. नात पुढे पळून हाका मारत होती, पण काका प्रत्येक घरापाशी थांबत होते. कडेला आले तेव्हा खाली वाहनतळ दिसला. झाडाखाली बाक, बाकावर एक बारीकसा ठिपका. इतकी वर्षं वरून आपण एवढेसेच दिसत होतो तर, असं त्यांच्या मनात आलं. आणि घरी ताट वाढणारी ती तर कुठूनच दिसत नव्हती. मग त्यांना वर थांबवेना.

खाली आले तेव्हा त्यांना चांगलीच धाप लागली होती. मुलगा उठून बाजूला झाला. काकूंनी त्यांना दम घेऊ दिला, पाणी दिलं, आणि मग म्हणाल्या,

"काय पाहिलंत?"

काकांना असं कुणाला सांगायची सवय कुठं होती?

"उंबरे," ते म्हणाले. "घरं सगळी गेलीत, उंबरे तेवढे राहिलेत. दगडाचे आहेत, तरी मधोमध झिजलेत. पार खोलगट."

"बायकांच्या पायांनी झिजले असतील," काकू म्हणाल्या. "आत-बाहेर, आत-बाहेर."

"असतील."

"पुढं?" काकूंनी विचारलं. "हळूहळू सांगा. सगळं सांगा."