दौंडने धरून ठेवलेले थ्रेड

"सर्व्हर बंद पडलाय का?" प्रिन्सिपल सरांनी दारातूनच विचारलं.

"नाही सर, चालू आहे."

"मग साइट का उघडत नाही?"

कॉलेजचा सर्व्हर मी सांभाळायचो. दुपारचे साडेतीन वाजले होते. शिरूरच्या आमच्या डिप्लोमा कॉलेजचं ते ऑनलाइन प्रवेशाचं पहिलंच वर्ष. यादीत नाव लागलेल्यांनी पाचच्या आत साइटवर सीट कन्फर्म करायची, नाहीतर ती आपोआप वेटिंगमधल्या पुढच्याला जायची. तो प्रोग्रॅम मीच लिहिला होता आणि तो मात्र बिनचूक चालत होता.

सर गेले आणि फोन वाजला. "साहेब, कोरेगाव भीमावरनं बोलतोय. कंपनीत हेल्पर हाय मी. पोरीचं नाव लागलंय कॉम्प्युटरला, पण ते पानच उघडंना. दोन वाजल्यापासनं बसलोय हितं."

"प्रयत्न करत राहा."

"पाचला सीट जाती म्हणत्यात. खरं हाय का?"

"खरं आहे."

"मग तिला घिऊन शिरूरला येऊ का? हातानं फॉर्म देतो."

मी सरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, "एकाचा कागद घेतला तर उद्या अख्खा तालुका गेटवर येईल. सगळं ऑनलाइन म्हणजे ऑनलाइन." मी तसं त्या माणसाला सांगितलं. तो "बरं" म्हणाला. मला फार वाईट वाटलं.

आता थोडं थ्रेडबद्दल. साइट उघडणाऱ्या प्रत्येक कनेक्शनमागे सर्व्हर एक थ्रेड देतो. थ्रेड म्हणजे काउंटरवरचा एक क्लार्क समजा. आमच्या मशीनवर साठ थ्रेड होते. साठही अडकले की एकसष्टावा बाहेर ताटकळतो. तेव्हा थ्रेड वाढवावेत, हे कुणालाही सुचतं. मलाही तीन वाजता सुचलं होतं. मी साठाचे तीनशे केले आणि सर्व्हर रीस्टार्ट केला. एवढ्यांना पुरेल इतकी मेमरीच नव्हती, मशीनने मान टाकली. पुन्हा साठ केले, पुन्हा रीस्टार्ट. या भानगडीत अर्धे फॉर्म भरून बसलेली पोरं बाहेर फेकली गेली आणि त्यातल्या दोघांच्या शिव्या मी फोनवर ऐकल्या. पाच मिनिटांत साठही थ्रेड परत भरले.

मग मी आधीच करायला हवं होतं ते केलं. कोणता थ्रेड काय करतोय, याची यादी उघडली. साठपैकी अठ्ठेचाळीस थ्रेड काहीच करत नव्हते, नुसते कनेक्शन धरून बसले होते. आणि अठ्ठेचाळीसही एकाच पत्त्यावरून आलेले. तो पत्ता दौंड स्टेशनजवळच्या सायबर कॅफेचा होता. ते आमचंच अधिकृत फॉर्म केंद्र. मी कॅफेच्या मालकांना फोन लावला.

"आप्पा, तुमच्याकडे किती पोरं फॉर्म भरतायत?"

"सध्या तीन हायत."

"मग एवढ्या खिडक्या कशाला उघडल्यात?"

"जागा धरून ठिवलीय, सर. एष्टी लागली की खिडकीतनं रुमाल टाकतो का न्हाई आपण? तसंच. आठ मशीन, एकेकावर सहा-सहा खिडक्या. फिरून फिरून रिफ्रेश मारतो."

"रिकाम्या बंद करा."

"आन् पाचच्या आत आणखी पोरं आली म्हंजी? एकदा सोडली की परत मिळायची न्हाई, सर."

त्यांचं चूक नव्हतं. आपलं गिऱ्हाईक सांभाळत होते बिचारे. काम झाल्यावरही कनेक्शन किती वेळ धरून ठेवायचं, याचं एक सेटिंग असतं. दौंडची फोनलाइन सारखी तुटते म्हणून मी मोठ्या मनाने ते दहा मिनिटांवर ठेवलं होतं. दहा मिनिटांच्या आत एकदा रिफ्रेश मारला की थ्रेड दौंडचाच.

सेटिंग बदलायचं तर रीस्टार्ट आलाच, म्हणजे भरत आलेले फॉर्म पुन्हा जाणार. म्हटलं, "त्या तिघांचं सबमिट झालं की लगेच फोन करा. पुढच्या पोरांना जागा मिळेल, माझा शब्द."

चार पस्तीसला आप्पांचा फोन आला. मी दहा मिनिटांचे पाच सेकंद केले आणि रीस्टार्ट मारला. यादीत भराभर नवे पत्ते येऊ लागले, काम करून जाऊ लागले. साठपैकी वीस थ्रेडसुद्धा एका वेळी लागेनात. मी कोरेगावला फोन केला. "उघडा आता."

चार बावन्नला त्या मुलीची सीट कन्फर्म झाली. "झालं, साहेब!" वडील ओरडले. मागून ती हसत होती की रडत होती, ते कळेना. मी फोन ठेवला आणि पुन्हा थ्रेडची यादी बघायला लागलो.

दुसऱ्या दिवशी सरांनी मॅनेजमेंटला रिपोर्ट पाठवला, 'प्रचंड प्रतिसादामुळे सर्व्हर अपुरा पडला.' नवा सर्व्हर मंजूर झाला. तेव्हापासून कुठेही गर्दी दिसली की मी आधी बघतो, त्यातले किती जण काम करतायत आणि किती नुसते बसलेत. दहा मिनिटांचं ते सेटिंग कुणी ठेवलं होतं, असा रकाना रिपोर्टमध्ये नव्हता. मीही तो वाढवायला सांगितलं नाही.