उत्तर उद्याच्या अंकात

चालत नाहीत ते माझे गुडघे, पण डॉक्टर म्हणाले, डोकं चालतं ठेवा. तेव्हापासून ऑफिसातून दुबईतल्या करामा भागातल्या फ्लॅटवर परतला की मुलगा विचारतो, "आई, शब्दकोडं सोडवलंस?" फोनवरचं मला जमत नाही. पुण्याहून येणाऱ्या फराळाच्या डब्यांना गुंडाळलेले पेपर हाताने सपाट करून मी त्यातली कोडी भरते. खाली छापलेलं असतं, उत्तर उद्याच्या अंकात. तो अंक इथे येतच नाही. मी थकून म्हणते, "सगळं सुटलं." तो खूश.

परवा नणंदेने दोन डबे पाठवले. एकावरचं कोडं भरलं. दुसऱ्यावर नेमका पुढच्या दिवसाचा अंक निघाला. तारीख बघितली आणि न उघडताच कचऱ्याच्या डब्यात तळाला अंथरला.