अंबिकेच्या घराचे पेढे

यज्ञेश्वर रानडे उज्जैनीत फ्रीगंजातल्या एका बँकेत रोख्यांच्या टेबलावर बसत. लंडनचा एक फंड होता, देशोदेशींच्या सरकारी रोख्यांचा. त्याचं पत्रक दर महिन्याला मुंबईहून येई. कोणत्या संस्थानानं, कोणत्या मोठ्या संस्थेनं त्यातलं किती घेतलं, किती विकलं, हे यज्ञेश्वर लाल-निळ्या पेन्सिलीनं टिपून ठेवत. मोठ्यांच्या मागून चालावं, म्हणजे माणूस खड्ड्यात पडत नाही, असं ते पानाच्या दुकानावर चारचौघांना सांगत. लोक ऐकत, कारण वीस वर्षांत ते एकदाही चुकले नव्हते.

त्यांच्या विधवा बहिणीचं, अंबिकेचं, सगळं त्याच फंडात होतं. नवऱ्यानं मागे ठेवलेलं तेवढंच. भावाच्या घरी तिला कोणी वावगं बोलत नसे, पण दुसरीच्या चुलीपाशी बसलेल्या बाईला मीठसुद्धा विचारून घालावं लागतं. तिला माधवनगरात दोन खोल्या बांधायच्या होत्या. जागाही बघून ठेवली होती. "घर झालं की गल्लीभर पेढे वाटीन," ती म्हणे, आणि म्हणताना दहा वर्षांनी लहान दिसे.

अठ्ठेचाळीस साली ग्वाल्हेर, इंदूर आणि आसपासची संस्थानं मिळून मध्य भारत झाला. पुढचं पत्रक पाहून यज्ञेश्वरांच्या तोंडचं पाणी पळालं. या संस्थानांच्या खात्यांनी फंडातले आपापले सगळे रोखे विकलेले दिसत होते.

"अंबे, बडे लोक विकून राहिलेत. आपणही निघालेलं बरं."

"मला काय मालूम त्यातलं, दादा? तुम्ही म्हणाल तसं."

घाईच्या सौद्याला गिऱ्हाईक मिळालं ते निम्म्या भावाचं. यज्ञेश्वरांनी तेही पत्करलं.

महिन्यानं दुसरं पत्रक आलं. तेच रोखे, तोच आकडा, नव्या राज्याच्या नावावर खरेदी म्हणून. विकलं कोणीच नव्हतं, फक्त खात्यावरचं नाव बदललं होतं. समोरच्या कचेरीवरची पाटी बदलताना यज्ञेश्वरांनी स्वतः उभं राहून पाहिली होती, तरी हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. घरी येऊन त्यांनी बहिणीला सांगितलं. ती कणीक मळत होती.

"होतं असं," ती म्हणाली. "पोळ्या टाकू ना?"

तिनं बोल लावला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. तिनं माधवनगरचं नाव पुन्हा काढलं नाही.

छप्पन साली मध्य भारतही गेला आणि मध्य प्रदेश आला. पत्रकात पुन्हा तशीच मोठी विक्री. त्याच फंडात पैसे घातलेले शेजारचे जयंतराव घाबरून आले, तसेच आणखी तिघं-चौघं आले.

"कोणी विकलेलं नाही," यज्ञेश्वर म्हणाले. "पाटी बदललीय. महिनाभर थांबा."

सगळे थांबले, सगळ्यांचं वाचलं. जयंतराव पेढ्यांचा पुडा घेऊन आले, यज्ञेश्वरांच्या पाया पडले. असा जाणकार उज्जैनीत दुसरा नाही, म्हणाले.

ते गेल्यावर अंबिकेनं पुडा देवापुढे ठेवला. मग एक पेढा आणून भावाच्या हातावर ठेवला.

"घ्या दादा," ती म्हणाली. "माझ्या घराचे आहेत."