डोहातले मासे कशानं मेले

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला सांगायचा प्रश्नच नव्हता – तो तिथंच होता.

पन्नास-एक्कावन्न सालची गोष्ट. पिंपळवंडीच्या अलीकडे एका वाडीत मी मास्तरीण होते. तरुण नव्हते, समजण्याइतकी मोठी होते. दिवाळीनंतर ओढ्याच्या डोहात अंबाडीच्या पेंढ्या कुजत घालायच्या, साल सुटली की दोर वळायचे, ही आमच्याकडची रीत. मुलांना मी दोन बरण्या दाखवल्या. एकीत स्वच्छ पाणी, दुसरीत अंबाडीचं काळं. दोन्हींत बोटाएवढे मासे सोडले. काळ्या पाण्यातले वर येऊन, आ वासून मेले. काही कुजलं की पाण्यातला प्राणवायू संपतो – फळ्यावर लिहून दिलं. धडा चांगला शिकवला होता.

त्याच आठवड्यात डोहातले सगळे मासे पोट वर करून तरंगले. पेंढ्या कुणाच्या? आमच्याच. त्या वर्षी ह्यांनी हट्टानं दुप्पट घातलेल्या. खालच्या आळीची गुरं तेच पाणी पीत. माणसं चिडून जमली, आणि नेमका डोंगरवस्तीतला सोमा ठाकर जाळं घेऊन आला. मासे गुंगवायला ठाकर लोक पाण्यात विषारी गेळफळ टाकतात, हे सगळ्यांना ठाऊक.

"ह्येनंच इख टाकलं!" – ओरडून पहिली काठी घातली ती ह्यांनीच.

मग सगळेच तुटून पडले. सोमाचा कान फाटला. दात पडले. "न्हाई टाकलं, राव, आत्ताच आलोय मी!" त्याचा उजवा हात धुण्याच्या दगडावर दाबला आणि वरून धोंडा घातला. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं – इतकी जवळ होते मी. बोलले का? नाही.

बोलली पिंजाऱ्याची सकीना, माझ्या चौथीतली. "बाई, सांगा की! अंबाडीनं मेलं मासं! तुमीच दावलं व्हतं बरणीत!"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

मी सकीनाच्या थोबाडीत मारली. एकदा नाही – नाकातून रक्त येईपर्यंत. "कधी शिकवलं गं मी? खोटारडी!" माणसं परत सोमाकडे वळली. त्याचा तो हात पुन्हा कधी मिटला नाही.

इथवर भीती म्हणता आली असती. पण दुसऱ्या दिवशी? वर्गात तर हे नव्हते, काठ्या नव्हत्या. मीच विचारलं, मासे कशानं मेले?

"सोमानं इख टाकलं, बाई," पोरं एका सुरात म्हणाली.

सकीना गप्प होती. तिला उभं केलं, आणि म्हणायला लावलं. सुजलेल्या तोंडानं तिनं म्हटलं.

"बरोबर," मी म्हणाले. "बस खाली."