बिनबटणाची शेगडी

सरूबाई होडीत चढली तेव्हा तिच्या गाठोड्यात दोन पातळं, एक तवा आणि थोडे तांदूळ होते, आणि काखेत केरसुणी. होडीवाल्या अंबाजीनं केरसुणीकडं बघितलं आणि वल्हं हातातच धरून ठेवलं.

"मावशी, जुनी कॉलनी बघाया जाताना केरसुणी कशापायी?"

"तुज्या होडीत लय घाण हाय म्हणून. वल्हव गुमान."

अंबाजी हसला. खरी गोष्ट अशी की सरूबाई परत यायला निघालीच नव्हती. पल्याड आपल्या जुन्या क्वार्टरात राहायचं, लेकाच्या दारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. कुणाला सांगितलं असतं तर त्यांनी तिला वेड्यात काढलं असतं, आणि ते काही फार चुकीचं नव्हतं.

अंदर मावळातल्या त्या धरणाच्या पल्याड एका कंपनीनं वीजघर बांधलं होतं आणि त्याच्या माणसांसाठी कॉलनी वसवली होती. क्वार्टरांच्या ओळी, शाळा, दवाखाना, ये-जा करायला कंपनीची लाँच. पुढं वीजघर दुरून कॉम्प्युटरवर चालायला लागलं आणि माणसं नकोशी झाली. लाँच बंद पडली, दरड कोसळून रस्ता गेला. चौदा एप्रिलला जिथं कंपनीचा साहेबसुद्धा पंगतीला मांडी घालून बसायचा, तिथं आता माकडं राहतात.

त्या कॉलनीची एक गंमत होती. वीज फुकट, तीही पाहिजे तेवढी. प्रत्येक घरात ओट्यातच सिमेंटनं बसवलेली विजेची शेगडी, आणि तिला बटणच नाही. भोंगा झाला की वीजघरातून लाइन सोडायचे, घरोघरच्या शेगड्या एकदम लाल. दुसरा भोंगा झाला की सगळ्या थंड. अख्ख्या कॉलनीच्या भाकऱ्या एका वेळी व्हायच्या. सरूबाई तिथं नवी नवरी म्हणून आली आणि केस पांढरे होईतो राहिली. शेगडी आपल्या हातानं बंद करायची असते, हे त्या हाताला कधी शिकावंच लागलं नाही.

कॉलनी सुटली आणि मागोमाग तिचा नवरा सखारामही गेला. सरूबाई तळेगावला पवनच्या, म्हणजे लेकाच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. पवन शेजारच्या आंबी गावच्या कारखान्यात शिफ्ट करतो, सून तेजल दुकानात जाते. गॅसची सरूबाईला भीती, म्हणून बटण बंद आहे का ते ती दहादा बघायची. पण एकदा सिलेंडर संपला आणि तेजलनं कॉइलची शेगडी आणली. सरूबाईला माहेरचं माणूस भेटल्यागत झालं. तिनं दूध तापवलं, पातेलं उतरवलं आणि खुशाल गॅलरीत जाऊन बसली. शेगडी तशीच चालू. नात सृष्टी खुर्चीवर चढली, लाल लाल काय आहे म्हणून तिनं हात ठेवला.

पोरीचं ते ओरडणं सरूबाईच्या कानातून अजून गेलेलं नाही. तेजल काही न बोलता लेकीला घेऊन दवाखान्यात धावली. बोलला तो पवन.

"आई, तू एक दिवस माझ्या पोरीचा जीव घेशील. स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही आता."

नुसतं बोलून थांबला असता तर ठीक होतं. त्यानं स्वयंपाकघराच्या दाराला बाहेरून कडी ठोकली, कडीला कुलूप लावलं. जिनं त्याला रांधून वाढून मोठं केलं, तिनं घोटभर पाणीसुद्धा मागून प्यायचं! सरूबाईनं ते चार दिवस सोसलं आणि गाठोडं बांधलं.

सरूबाई होडीतून उतरून पोचली तेव्हा क्वार्टराला ना दार होतं ना खिडक्या. भिंतीतल्या वायरीही चोरांनी उपसून नेल्या होत्या. बाबासाहेबांचा फोटो लावायचे तिथला चौकोन तेवढा भिंतीवर उजळ राहिला होता. सरूबाईनं त्याला हात जोडले, पदर खोचला आणि घर झाडायला घेतलं. पालापाचोळा काढला, माकडांची घाण काढली, पाठ मोडेस्तोवर झाडलं. मग ओट्यापाशी जाऊन भोंगा व्हायची वाट बघत उभी राहिली.

आपण काय करतोय हे कळलं तेव्हा तिला स्वतःचंच हसू आलं. मग चूल मांडावी म्हणून तिनं तीन दगड आणले, काटक्या मोडल्या, आणि गाठोड्यात हात घालून चाचपू लागली. काडेपेटी आणलीच नव्हती. या घरी यायचं तर काडेपेटी घ्यावी, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. बाहेर ऊन उतरलं, झाडीत काहीतरी खसपसलं आणि सरूबाईचं अवसान गळालं. ती ओट्याला टेकून खाली बसली आणि लहान पोरासारखी रडली.

दिवस मावळताना पवन आला. अंबाजी त्याचा शाळेतला जोडीदार. केरसुणी बघून त्याला संशय आला होताच, होडी घेऊन अलीकडच्या काठाला परत पोचताच त्यानं पवनला फोन लावला होता.

"मेलीबिली असतीस म्हणजे?" पवन उंबऱ्यातूनच ओरडला. "काय समजायचं आम्ही?" ओरडता ओरडता त्याचा आवाज फाटला. आईला उठवायला तो पुढं आला आणि ओट्यापाशी अडखळला. शेगडीवर कुंपणाच्या तारेचं झाकण होतं, वेडंवाकडं विणलेलं, खिळ्यांना अडकवलेलं, पार गंजून गेलेलं.

"हे लहानपणापासून बघतोय. कशासाठी केलं होतं?"

"तुज्या बानं केलतं. तू हात भाजून घेतलास तवा. सृष्टीएवढाच व्हतास."

पवननं उजवा तळहात उघडला. त्यावरचा गोल डाग जन्मापासूनचा असावा तसा त्याच्या सवयीचा होता. तो कसा पडला, कुणाच्या चुकीनं पडला, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"तेव्हा तू कुठं होतीस?"

"नळावर गेलते. तुला एकल्याला हितं ठेवून."

"मग बाबा काय बोलले तुला?"

सरूबाईनं डोळे पुसले, गुडघ्यावर हात टेकून उठली.

"काय न्हाई बोलले," ती म्हणाली. "तार आणाया गेले."

खाली अंबाजी हाका मारत होता. पवननं गाठोडं उचललं, पण आईच्या पुढं होऊन चालायचं काही त्याला जमेना.